‘आठ-पंधरा दिवसांनी या’ म्हणजे नक्की कधी?

प्रश्न : हिंजवडीतला माझा एक हिंदीभाषक सहकारी मराठी शिकतो आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या शिंप्याने त्याला सांगितलं, “एवढ्यात नाही व्हायचं, आठ-पंधरा दिवसांनी चक्कर मारा.” त्याने आठवा दिवस धरायचा की पंधरावा? शिवाय त्याच्या घरमालकीणबाई “एवढ्यात येईल पाणी” म्हणतात आणि पाच मिनिटांत पाणी येतं. मग ‘एवढ्यात’ म्हणजे किती?

उत्तर : आधी शिंप्याचं बघू. नुसते ‘आठ दिवस’ मराठीत अगदी पक्के असतात आणि ते भरतात सात! सोमवारी कुणी “आठ दिवसांनी या” म्हटलं की पुढच्या सोमवारी जायचं, कारण आपण आजचा दिवसही मोजणीत धरतो. म्हणून तर सात वारांना आपण ‘आठवडा’ म्हणतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजेही बहुतेकदा दोन आठवड्यांनी, त्याच वारी.

दोन आकडे जोडले की मात्र हा पक्केपणा जातो. ‘आठ-पंधरा’मध्ये आठवड्याच्या आत येऊ नका, एवढंच ठाम आहे. सहकाऱ्याने दुसरा आठवडा संपत आला की फोन करून मगच जावं. या जोड्याही ठरलेल्या आहेत : दोन-चार, चार-आठ, आठ-पंधरा, महिना-दीड महिना. ‘सहा-नऊ दिवसांनी या’ असं म्हणून बघा, लगेच कानाला खटकेल. ‘चार’ तेवढा एकटाही मोघम चालतो : “चार दिवस माहेरी राहून ये.”

‘एवढ्यात’ हा माझा फार आवडता शब्द. त्याची लांबी वाक्यातलं क्रियापद ठरवतं. “एवढ्यात येईल” म्हणजे येण्यातच आहे. “एवढ्यात भेट नाही झाली” यात काही आठवडे, कधी महिनेही मावतात. “एवढ्यात निघालात?” म्हणजे इतक्या लवकर? आणि “मी दार लावणार, एवढ्यात फोन वाजला” इथे तो नेमका तो क्षण पकडतो. ‘एवढा’ किती ते आपण एरवी हाताने दाखवतो. काळाच्या बाबतीत ते काम क्रियापद करतं. शिंप्याच्या वाक्यात ‘नाही व्हायचं’ आहे, म्हणून तिथे तो लांबला.

‘परवा’चंही तसंच. “परवा गेलो” आणि “परवा जाईन” यांत गोंधळ होत नाही. पण एक गंमत बघा. मागचा ‘परवा’ सैल असतो. “परवाच तर भेटलो” म्हणताना त्या भेटीला आठवडा झालेला असू शकतो. पुढचा ‘परवा’ सहसा तसा ताणला जात नाही. तो सैल करायचा तर ‘उद्या-परवाकडे’ म्हणावं लागतं.

उलट ‘घटका’ एके काळी मोजकी होती, 24 मिनिटांची, दिवसरात्रीच्या 60. आज “घटकाभर टेका” म्हणताना घड्याळ कुणी बघत नाही.

त्या सहकाऱ्याला ‘मघाशी’ही शिकवा. तो फक्त आजचा, आणि ‘आत्ताच’पेक्षा थोडा मागचा. ‘काल मघाशी’ असं कुणी म्हणत नाही. त्याची हद्द मात्र बारा वाजता संपत नाही. रात्री एकपर्यंत गप्पा चालल्या, तर “मघाशी जेवताना म्हणालास ते” हे बरोबरच आहे. झोपून उठलं, की तेच जेवण ‘काल’चं होतं.