'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं'

प्रश्न : ताई, 1993 ते 95 मी पुण्यात नोकरीला होतो. तेव्हा संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन परीक्षांपुरतं स्पॅनिश शिकलो. मग वडील गेले, कोल्हापूरला येऊन गुळाची अडत सांभाळली. आता मुलगा दुकान बघतो. वयाच्या 56 व्या वर्षी परत स्पॅनिश शिकावंसं वाटतंय. कुठं जायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. पण जुनी वही उघडली तर अक्षर माझं आणि मजकूर परक्याचा! घरात हसतात. पुन्हा पहिलीत बसायचं का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी माझी वही काढली. तिला कसर लागली आहे, पण आहे. मीही बँकेतून निवृत्त झाल्यावर, तीस वर्षांच्या खंडानंतर परत बसले. तेव्हा सांगते ते स्वतःच्या फजितीवरून.

पहिली फजिती पहिल्याच दिवशी. ऑनलाइन शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. तिनं विचारलं, मुळाक्षरं किती? मी ठसक्यात म्हटलं, 29. ती म्हणाली, 27. आमच्या वेळी 'सीएच' आणि 'डबल एल' ही स्वतंत्र अक्षरं होती. शब्दकोशात 'सी' संपला की 'सीएच'चं वेगळं दुकान मांडलेलं असायचं. 1994 मध्ये स्पॅनिशच्या अकादम्यांनी ते वेगळे विभाग मोडले आणि 2010 मध्ये ही दोन्ही मुळाक्षरांतूनही काढली. म्हणजे विसरले ते विसरलेच, आणि जे पक्कं आठवत होतं तेही सरकारजमा! तुम्हीही 29 वालेच, तयारीत राहा.

पहिलीत बसा, पण पहिलीत फार दिवस राहणार नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन माणसानं निरर्थक अक्षरं पाठ करून, विसरून, परत पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये छापले. विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्यानं मोजून दाखवलं. मला तर तिसऱ्या आठवड्यात भांडी घासताना आठवड्याचे वार आपोआप आठवले, लुनेसपासून दोमिंगोपर्यंत. आदल्या दिवशी विचारले असते तर दोन सांगता आले नसते.

पण खरी गंमत वेगळीच आहे. पहिल्या वेळी आपण स्पॅनिश शिकलो ते इंग्रजीच्या खांद्यावर बसून. 'आय लाइक कॉफी'चं स्पॅनिश 'मे गुस्ता एल काफे'. त्यात 'आय' कुठं गेला, क्रियापद कॉफीप्रमाणं का चालतं, हे समजावताना आमचे सर घामाघूम व्हायचे. कॉफी मला प्रसन्न करते असं समजा, म्हणायचे. वर्गात सगळे मराठी. एकालाही सुचलं नाही की हे सरळ 'मला कॉफी आवडते' आहे! मे म्हणजे मला. आंबे आले की आपण 'आवडतात' म्हणतो, ते 'गुस्तान' म्हणतात. या वेळी हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. मिस्टर चहा घेऊन बघायला आले.

मग सवयच लागली. 'किएरो के बेंगास'मधल्या क्रियापदाच्या रूपाला इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं खर्ची घालतात. आपल्याकडं आई रोज म्हणते, 'तू यावंस असं मला वाटतं.' 'यावंस' आणि 'बेंगास' एकाच कामाचे. 'तू'ला ते 'तू'च म्हणतात, हे तर तुम्हाला आठवत असेलच.

'आहे'साठी त्यांच्याकडं सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत, तिथं तुम्ही पूर्वी अडखळला असणार. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असं शिकवतात. मग मेलेल्या माणसाला एस्तार का लावतात? मरण तात्पुरतं आहे काय! मी तो नियम सोडला आणि तांबडा रस्सा धरला. तांबडा रस्सा तिखट असतो : 'एस पिकान्ते'. आज जरा जास्तच तिखट झालाय : 'एस्ता पिकान्ते'. असतो आणि झालाय. मेला तो मेलेला 'झाला', म्हणून 'एस्ता मुएर्तो'. प्रत्येक ठिकाणी हे लागू पडत नाही, पण दहात सात वेळा माझी गाडी चालते. आणि हो, तिखटाला पिकान्ते, गरमला कालिएन्ते. इंग्रजीत दोन्हीला 'हॉट' म्हणून जो घोळ होतो, तो इथं नाही.

कोल्हापूरनं एकदा मला पाडलंही. जोतिबाच्या पायऱ्या चढून आले होते, ऑनलाइन शिकवणाऱ्या त्याच मुलीनं विचारलं कशा आहात, मी म्हटलं, 'एस्तोय कान्सादो.' ती म्हणाली, पुरुष दमला तर कान्सादो, तुम्ही कान्सादा. तिला काय सांगू! आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो, मी दमलो' म्हणतच म्हाताऱ्या होतात. स्पॅनिश क्रियापदाला लिंग नसतं, 'बोय' म्हणजे जातो आणि जातेही, तिथं मी सुखात असते. विशेषणाशी आलं की सापडते.

घरच्यांना हसू द्या. आमच्याकडं विचारलं होतं, 'काय, स्पेनला निघालीस?' म्हटलं, नाही, रंकाळ्याला. तिथं सकाळी दोन फेऱ्या मारताना कानात स्पॅनिश असतं आणि तोंडानं मी पुटपुटते. तुम्ही गुळाचे आकडे स्पॅनिशमध्ये मोजून बघा. 'पगार' हा शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांकडून आला, स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे देणं. अडतवाल्याला तो विसरणं शक्य नाही.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे, अर्जेंटिनाचा पक्का. 2022 चा वर्ल्ड कप जिंकल्यापासून मोबाइलवर स्पॅनिश शिकतोय. अ‍ॅप 'यो' म्हणतं, खेळाडू मुलाखतीत 'शो' म्हणतात. कुणाचं चुकतं?
– एक आई, मंगळवार पेठ

उत्तर : कुणाचंच नाही. 'यो' म्हणजे 'मी', आणि अर्जेंटिनात ब्यूनस आयर्सकडं 'य'चा 'श' होतो. 'माझं नाव' सांगताना इतर ठिकाणी 'मे यामो' ऐकू येतं, तिथं 'मे शामो'. 'तू'ऐवजी ते 'बोस' म्हणतात, क्रियापदही त्याप्रमाणं बदलतं. मुलाला दोन्ही ऐकू द्या, पेठेतली पोरं घरी एक आणि शाळेत एक मराठी बोलतातच की. त्याला एक शब्द माझ्याकडून सांगा : 'चे'. बोलताना समोरच्याला हाक मारायचा अर्जेंटिनी शब्द. क्रांतिकारक गेव्हाराला 'चे' हे नाव त्या सवयीवरूनच पडलं. कोल्हापुरीत त्याचा अर्थ 'भावा'. आणि गल्लीतल्या ब्राझीलवाल्यांना त्यानं तो वापरू नये, ते पोर्तुगीज बोलतात.