ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गेम चालतात का?
चालतात की भावा, पण आधी रॅम बघ. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला (म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेल्या ग्राफिक्सला) स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरतं, त्यामुळं रॅमची एकच स्टिक (पट्टी) असली की गाडी तिथंच अडकते. डीडीआर४ ३२०० या प्रकारच्या रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, दोन लावल्या की ५१.२, म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घे. माझ्या डेस्कटॉपात रायझन ५ ५६००जी प्रोसेसर हाय, त्यात दुसरी स्टिक टाकल्यावर व्हॅलोरंट झ्याक पळायला लागलं, जीटीए ५ पण चालतं, सेटिंग खाली आणून. सायबरपंक बियरपंक असले जड गेम विसरच. आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत दुकानदार नुसतं "१६ जीबी हाय की" म्हणला तर स्टिक किती ते विचार, काही लॅपटॉपात रॅम सोल्डर केलेली (बोर्डालाच कायमची जोडलेली) असते, वाढवायला स्लॉटच नसतो, ते पैसे द्यायच्या आधी बघ.