गाडीतलं कपाट, फळ्या आणि आईची नऊवारी

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला असतो. सेकंड हँड कॅम्परव्हॅन (आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) घेतलीय, फियाट ड्युकॅटो व्हॅनवर बनवलेली. बाकी सगळं मस्त आहे पण कपड्यांचं कपाट म्हणजे नुसती उभी पोकळी, वर एक दांडी आणि खाली काहीच नाही. पहिल्या वळणावर हँगरवरचं निम्मं खाली येतं आणि एक मोजा शोधायचा तर आख्खं कपाट बेडवर रिकामं करावं लागतं. जूनमध्ये आई-बाबा साताऱ्याहून येतायत, त्यांना स्कॉटलंड दाखवायचंय, आई नऊवारी नेसते. नवरा म्हणतो दांडी काढून टाकू आणि वरपासून खालपर्यंत फळ्या ठोकू. ठोकाव्यात का?

उत्तर : ताई, फळ्या जरूर लावा, पण ठोकू नका आणि दांडीही काढू नका. जूनमध्ये गाडीत चार जण असतील, पण ऑक्टोबरमध्ये कधी तुम्ही दोघंच जाल आणि तेव्हा जाड जॅकेटं टांगायला जागा लागेल, त्यामुळे फळ्या अशा हव्यात की स्क्रू ड्रायव्हरने पाच मिनिटांत निघतील आणि परत बसतील.

सुरुवात कपाटाच्या तळापासून करा. सगळं बाहेर काढा आणि टॉर्च घेऊन बघा, कारण कन्व्हर्जनवाल्यांना, म्हणजे रिकाम्या व्हॅनचं कॅम्पर करून देणाऱ्यांना, जी वस्तू कुठेच बसत नाही ती ते कपाटाच्या तळाशी नाहीतर मागे घालतात. हीटर, फ्यूजचा बॉक्स, चार्जर, गरम हवेचा पाइप, काहीही असू शकतं. जमिनीला भोक दिसलं आणि त्यावर जाळी असेल तर ते बुजवायचं नाही, त्यावर बूट ठेवायचे नाहीत, कापडही अंथरायचं नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो आणि त्या भोकातून बाहेर जातो, त्यासाठीच ते ठेवलेलं असतं. हीटरला हवा यायची जाळी असेल तर तिच्यासमोरही कपडे नकोत.

आता मापं. घरातल्या कपाटाची सवय असली की आपण रुंदी एकदा मोजतो आणि चार फळ्या एकाच मापाच्या कापून आणतो. व्हॅनमध्ये हे चालत नाही, कारण व्हॅनची भिंत वर जाताना आत झुकते, म्हणजे वरची फळी खालच्यापेक्षा कमी खोल भरते. प्रत्येक उंचीवर पुठ्ठ्याचा वेगळा तुकडा कापून बसवून बघा, त्यावर पेन्सिलीने वरची, मधली, खालची असं लिहा, आणि मगच प्लायला हात लावा. आणखी एक, दाराची चौकट आतल्या रुंदीपेक्षा अरुंद असते. आतल्या मापाची अखंड फळी कधीकधी तिरकी करूनही आत जात नाही, आणि हे लोकांना फळी कापून, पॉलिश करून झाल्यावर कळतं! पुठ्ठा न दुमडता दारातून आत गेला तर फळी जाईल. नाही गेला तर फळी दोन तुकड्यांत करा आणि आत गेल्यावर खालून एक पट्टी लावून जोडा.

लाकूड कुठलं घ्यायचं, तर हलकं. ४५ बाय ५० सेंटिमीटरची फळी धरा. १८ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ती साधारण ३ किलोची होते, ९ मिलिमीटरच्या पॉप्लर नावाच्या हलक्या लाकडाच्या प्लायमध्ये एका किलोच्या आत बसते. चार फळ्यांना आठ-नऊ किलोचा फरक पडला, आणि कपडे तर अजून ठेवलेच नाहीत. तुमची गाडी बहुतेक ३,५०० किलोची असेल, म्हणजे सगळं भरून एकूण वजन तेवढ्याच्या आत हवं, त्यात चार माणसं, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, गॅस, सायकली आणि आईने साताऱ्याहून आणलेले डबे. एकदा भरलेली गाडी वेब्रिजवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, नेऊन वजन करून घ्याच. (आणि चार जण निघणार म्हणताय तर बेल्टवाल्या सीट चार आहेत ना? बेड चार जणांचा आणि बेल्ट दोघांचे अशाही गाड्या विकल्या जातात, म्हणून विचारलं.)

९ मिलिमीटर पातळ वाटेल, पण फळीला पुढच्या कडेला तीन-चार सेंटिमीटर उंचीची उभी पट्टी लावली की ती वाकत नाही. ही पट्टी माझ्या मते फळीपेक्षा महत्त्वाची आहे. तुमच्या कपाटाचं दार बहुतेक पॅसेजकडे उघडत असेल, म्हणजे गाडी वळली की कपडे सरकून दारावर येणार, आणि पट्टी नसेल तर तुम्ही मुक्कामी पोचून दार उघडलं की सगळं पायावर. दाराला नुसतं मॅग्नेट असेल तर तेही बदला, दाबून लॉक होणारं बटणवालं लॅच मिळतं, कॅम्परच्या दुकानात सगळ्यांकडे असतं.

फळ्या बसवायच्या दोन बाजूंच्या आधारपट्ट्यांवर. २० मिलिमीटरच्या चौकोनी लाकडी पट्ट्या बाजूच्या पार्टिशनला ग्लू आणि स्क्रूने लावा. पार्टिशन बहुतेक १५ मिलिमीटरचं असतं, तर ३० मिलिमीटरचा स्क्रू घ्या, २० पट्टीत जातो, १० पार्टिशनमध्ये, आणि पलीकडे बाथरूममध्ये त्याचं टोक निघत नाही. स्वतः मोजून मग स्क्रू आणा, माझ्या आकड्यावर जाऊ नका. ड्रिलच्या बिटला चिकटपट्टीची खूण करा म्हणजे जास्त आत जाणार नाही. मागच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे, एकही स्क्रू मारायचा नाही. तिथे वायरी असतात, आणि पत्र्याला भोक पडलं की गंज आलाच. फळी आधारपट्टीवर ठेवली की पुढून दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू वरून, बास. पट्ट्या मात्र वरपर्यंत सगळ्या लावून ठेवा, मग ऑक्टोबरमध्ये वरच्या दोन फळ्या काढल्या की दांडी मोकळी.

मागे दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवा, आणि फळीच्या मागच्या कडेलाही छोटी पट्टी लावा म्हणजे कपडे सरकून पत्र्याला टेकणार नाहीत. चार जण रात्रभर आत श्वास घेणार, सकाळचा चहा उकळणार, ती सगळी वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन उतरते आणि त्याला चिकटलेला स्वेटर आठवड्यात कुबट वास मारायला लागतो. फळीला मोठी भोकं पाडली तर हवाही खेळते आणि वजनही कमी होतं. ओलावा ओढून घेणारे ते खड्यांचे डबे मिळतात ना, ज्यात खाली पाणी जमतं, ते गाडी उभी असतानाच ठेवा. चालत्या गाडीत लवंडला तर ते खारट पाणी कपड्यांवरून सहजी जात नाही. सिलिका जेलच्या पिशव्या बऱ्या.

दोन फळ्यांत २०-२५ सेंटिमीटर अंतर पुरतं. जास्त ठेवलं की टी-शर्टची चळत उंच होते आणि मधला ओढला की वरचे कोसळतात. प्रत्येकाला एक कप्पा आणि त्यात दोन कापडी चेनवाल्या पिशव्या, एकीत आतले कपडे, दुसरीत बाहेरचे. जीन्स आणि जड स्वेटर तळाला. आईंचा कप्पा कमरेच्या उंचीवर ठेवा, त्यांना वाकायला लागू नये. नऊवारी सुती असेल तर घडी घालून वळकटी करा, आडवी ठेवली की तीन-चार सहज मावतात आणि हँगर लागतच नाही. रेशमी घरीच राहू दे. साडी कुठे ठेवायची यापेक्षा ती नेसायची कुठे हा मोठा प्रश्न आहे, पॅसेज अरुंद असतो, तेव्हा पडदे ओढा आणि बाकी तिघांनी चहाचे कप घेऊन बाहेर उभं राहायचं, पाऊस असला तरी.

पावसाची जॅकेटं मात्र या कपाटात नकोत, स्कॉटलंडला ती वाळायची वाटच बघायची. बाथरूममध्ये हीटरची हवा येत असेल तर तिथे एक दांडी लावून टाका.

प्रश्न : दादा, पुण्यात टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर करून घेतोय. सुतार म्हणतो कपाटाला १८ एमएमच घ्या, घरच्यासारखं पक्कं होईल, वर सनमाईका. कोकणात जास्त जाणार. बरोबर आहे का?

उत्तर : सुतार मंडळी घराच्या हिशोबाने बोलतात, त्यांची चूक नाही. पण आठ बाय चारचं १८ एमएमचं एक शीट साधारण ३५ किलो भरतं आणि १२ एमएमचं २३-२४. कपाटाला १२ पुष्कळ झालं, मागच्या बाजूला ६. ग्रेड मात्र बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारी, घ्या, शीटवर तिचा भारतीय मानक क्रमांक आयएस ७१० छापलेलं असतं ते बघून घ्या. कोकणात पावसाळ्यात एमडीएफ फुगतं आणि एकदा फुगलं की बसत नाही. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, त्यांना आधी रंग किंवा सीलर, मग पट्टी.

मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत आत इतकं तापतं की सनमाईकाचा ग्लू मऊ होऊन कडा सुटतात, त्यामुळे कडेला ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने लावून घ्या. नुसत्या खिळ्यांवर काही सोडू नका, ताम्हिणीच्या रस्त्याला खिळे ढिले होतात आणि मग कपाट खडखडत येतं. ॲल्युमिनियम सेक्शनची फ्रेम करून त्यात प्लाय बसवणारे फॅब्रिकेटर मिळाले तर ते जास्त चांगलं. दाराला बाजारातली साधी कडी लावली तरी चालेल, दिसायला बरी नाही दिसत पण घाटात उघडत नाही.

डांबराच्या गोळ्या ठेवू नका हो, तुम्ही त्याच खोलीत झोपणार आहात. वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंब फडक्यात बांधून कपाटात टाका.

प्रश्न : न्यूझीलंडला साउथ आयलंडमध्ये भाड्याची कॅम्परव्हॅन घेतोय, दोन आठवडे. भोकं पाडता येणार नाहीत. कपड्यांचं काय करायचं?

उत्तर : सर्वात आधी त्या टणक मोठ्या बॅगा घरी ठेवा. रिकामी बॅग ठेवायला गाडीत जागाच नसते आणि मग दोन आठवडे ती रोज रात्री बेडवरून ड्रायव्हरच्या सीटवर आणि सकाळी सीटवरून बेडवर जाते. कापडी डफल आणा, रिकामी झाली की गादीखाली घडी करून सरकते. कपाटात दांडी असेल तर दांडीला लटकणारे कापडी कप्पे मिळतात, पण ते झुलतात, म्हणून खालच्या टोकाला दोरी बांधून कशाला तरी अडकवा आणि त्यात हलकेच कपडे ठेवा. दांडी नसेल तर दोन भिंतींमध्ये दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी नेता येते, ओले टॉवेल वाळवायलाही तीच. डोक्यावरच्या कप्प्यांत कपडे ठेवा, डबे-बाटल्या नको, आणि निघायच्या आधी सगळी लॅचं एकदा हाताने दाबून बघा.