नदीच्या खोऱ्यात शांत रस्ता हवाय? मग मोठ्या रस्त्याच्या समोरचा काठ बघा

तुमचा प्रश्न असा की खोऱ्यातून ६०-७० किलोमीटरची निवांत सायकल राईड हवी होती, अ‍ॅपने नदीला चिकटून जाणारा रूट दिला आणि निम्मा वेळ ट्रकच्या बाजूने चालवण्यात गेला, तर मग शांत रस्ते लोक शोधतात कसे.

अ‍ॅपला दोष देऊन उपयोग नाही. खोऱ्यात सपाट जागा असते ती नदीच्या दोन्ही बाजूंना आणि तीच हायवेला हवी असते, रेल्वेला हवी असते आणि आपल्यालाही. त्यामुळे "नदीच्या कडेचा रस्ता" असं शोधायला गेलं की हमखास हायवेच गळ्यात पडतो. मी नदीकडे आधी बघतच नाही, मी बघतो की या रस्त्यावरून जायची गरज नक्की कोणाला पडेल. दोन मोठ्या गावांमधला तो सगळ्यात जवळचा रस्ता असेल तर सगळ्यांनाच पडणार, सोडून द्यायचा. वाटेतल्या चार वाड्यांपुरताच असेल तर तो आपला.

आता नकाशावर हे कसं दिसतं. रुंद खोऱ्यात बहुतेक वेळा मोठा रस्ता आणि रेल्वे एकाच काठाने जातात, कारण शहरं, स्टेशनं, कारखाने सगळं तिकडेच वाढलेलं असतं. समोरच्या काठावर गावं जोडणारा बारीक रस्ता असतो, तो धरायचा. मग पूल बघायचे. गाड्या पुलाच्या आसपास गोळा होतात, कारण काठ बदलायला दुसरी जागाच नसते, त्यामुळे दोन पुलांमधलं अंतर जितकं जास्त तितका मधला रस्ता शांत. पुलापासून पहिले दोन-तीन किलोमीटर सोसायचे, पुढे सुटता. दोन लांबलांबचे पूल धरून लूप करायचा मोह होतो पण तसा केला की अर्धा लूप हायवेच्या काठाने येतो, त्यापेक्षा त्याच शांत काठाने जाऊन तिथूनच परत आलेलं मला तरी परवडतं, आणि उलट दिशेने तोच रस्ता वेगळाच दिसतो.

वळणांकडे नीट बघा, खरी मजा तिथे आहे. नदी नागमोडी असेल तर ज्याला घाई आहे तो वळसा घालत नाही, वळणाचा गळा कापून सरळ जातो. जर्मनीत मोझेल नदीवर कोखेमजवळ रेल्वे १८७९ पासून ४.२ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे निघते आणि नदी मात्र २० किलोमीटरहून मोठा वळसा घेऊन तिथे पोचते. रस्त्यांचंही हेच होतं. नवा रस्ता खोदून, भराव घालून सरळ केला की जुना रस्ता वळणावळणाने तसाच शिल्लक राहतो, डांबर चांगलं, रुंदी बऱ्यापैकी आणि गाडी एखादीच. नकाशावर मोठ्या रस्त्यातून निघून गोल फिरून परत त्यालाच मिळणारा बारीक रस्ता दिसला की तो बहुतेक हाच, झूम करून बघाच.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशात रस्त्यांना दर्जे दिलेले असतात, त्यातले टर्शरी आणि अनक्लासिफाइड, म्हणजे गावं जोडणारे छोटे रस्ते, हे आपल्या कामाचे, ट्रॅक म्हणजे बऱ्याचदा कच्ची वाट. स्ट्राव्हा या राईड नोंदवायच्या अ‍ॅपचा हीटमॅप (लोक कुठून जास्त जातात ते रंगाने दाखवणारा नकाशा) बघून शांततेचा अंदाज बांधू नका, तिथे सायकली किती जातात ते कळतं, ट्रक किती जातात ते नाही, आणि वेगाने जाणारे ग्रुप अनेकदा मुद्दाम रुंद शोल्डरवाला (कडेला मोकळी पट्टी असलेला) मोठा रस्ताच घेतात. त्यापेक्षा सॅटेलाइट व्ह्यू उघडा आणि दगडखाण, क्रशर, वाळूचे ढीग, सिमेंटचा प्लांट असलं काही दिसतंय का शोधा. एक खाण अख्ख्या काठाची वाट लावते, दिवसभर डंपर. पण खाणीला सुट्टी असेल त्या दिवशी तोच रस्ता रिकामा, म्हणून लगेच काट मारू नका, वार बदला.

कंटूर लाइन्स, म्हणजे नकाशावरच्या समान उंचीच्या रेषा, पण बघाव्या लागतात. त्या नदीला येऊन भिडल्या म्हणजे खोरं तिथे चिंचोळं झालंय, तिथे एकाच रस्त्यापुरती जागा असते आणि ती मोठ्या रस्त्याने घेतलेली असते. आपला बारीक रस्ता अशा ठिकाणी एकतर संपतो नाहीतर डोंगरावर चढून पलीकडे उतरतो. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर श्लोगेनचं वळण आहे, नदी जवळजवळ उलटी फिरते आणि दोन्ही बाजूंना उभे उतार, तिथे सायकलवाल्यांना घेऊन जाणाऱ्या छोट्या बोटी चालतात. अशी सोय सगळीकडे नसते, तेव्हा चढ गृहीत धरा.

आणि खोरं म्हणजे सपाट हा समज पहिल्याच राईडला गळून पडतो. नदीलगतचा रस्ता सपाट असतो खरा, पण गावं पुराच्या वर वसलेली असतात आणि त्यांना जोडणारा रस्ताही वरून जातो, मग बाजूने येणाऱ्या प्रत्येक ओढ्याला तो खाली उतरतो आणि परत चढतो. असे १५ ओढे आणि प्रत्येकी २५ मीटर धरले तरी ३७५ मीटर चढ झाला, नदीच्या काठाने! नदीचा स्वतःचा उतार मात्र जाणवत नाही, किलोमीटरला २ मीटर म्हणजे ०.२ टक्के, पायाला कळतही नाही.

वारा मात्र कळतो. डोंगराळ खोऱ्यात स्वच्छ उन्हाच्या दिवशी रात्री आणि पहाटे हवा थंड होऊन खोऱ्यातून खाली वाहते आणि ऊन तापलं की दुपारी उलटी, वरच्या दिशेला. म्हणून तिथे पहाटे खाली जायचं आणि दुपारी वर परत यायचं, दोन्ही वेळा वारा पाठीवर. "जाताना हेडविंड (समोरचा वारा), येताना टेलविंड (पाठीवरचा)" हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो. मैदानी रुंद खोऱ्यात हे फार चालत नाही, तिथे त्या मोसमाचा वारा खोऱ्याच्या दिशेने वळतो एवढंच, फोरकास्ट बघून दिशा ठरवा. डॅन्यूबवर बहुतेक लोक जर्मनीतल्या पासाऊहून पूर्वेला व्हिएन्नाकडे जातात ते नुसत्या उतारासाठी नाही, तिकडे वारा जास्त करून पश्चिमेचा असतो.

पहाटे निघायचं तर धुकं, थंड हवा नदीपाशी साचते, त्यामुळे पुढचा-मागचा लाइट चालूच ठेवा, वर गावात स्वच्छ ऊन असलं तरी. संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून येत असाल तर तुमच्या डोळ्यात ऊन म्हणजे मागच्या ड्रायव्हरच्याही डोळ्यात ऊन, तुम्ही त्याला दिसत नाही, तेव्हा अर्धा तास थांबलेलं बरं.

बारीक रस्त्यावर गाडी नाही म्हणून वळणावर आतल्या कडेला घासून जाऊ नका, समोरून ट्रॅक्टर आला तर तुम्ही त्याला शेवटच्या क्षणी दिसाल. कापणीच्या दिवसात टायरांबरोबर आलेला चिखल डांबरावर असतो, ओला असेल तर ब्रेक लावून उपयोग नसतो, आधीच हळू व्हा. टायर २८ ते ३२ एमएमचे असले तर हवा थोडी कमी ठेवून असे रस्ते आरामात होतात, २३ एमएमच्या टायरांवर हात बधिर होतात.

खोल खोऱ्यात मोबाइलला रेंज जाते, नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि पावसाळ्यात कमी उंचीच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल उचलून पण पलीकडे जायचं नाही. वेगाने वाहणारं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी माणसाचा पाय सुटू शकतो, आणि पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय ते वरून दिसत नाही. मागे फिरा, आधीचा पूल नकाशावर मार्क केलेला असला की किती मागे जायचंय ते तरी कळतं.