नवीन गेम रिलीजच्या दिवशीच घ्यावा की सेलची वाट पाहावी?

तुम्ही पीसीवर खेळता, गेमसाठी महिन्याला हजार-बाराशे रुपये बाजूला पडतात, आणि मोठा गेम आला की तीन-साडेतीन हजार लगेच घालावेत की थांबावं हे ठरत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. माझं सरळ मत सांगतो. एकट्याने खेळायचा, कथा असलेला गेम असेल तर साधारण वर्षभर थांबा. समोर खरी माणसं असल्याशिवाय ज्यात मजाच नाही, तो घ्यायचा असेल तर सुरुवातीच्या महिन्यात घ्या. आणि दोन्हींपैकी काहीही असो, डिजिटल गेमची प्री-ऑर्डर करू नका. डिजिटल प्रत संपत नाही, त्यामुळे आधी पैसे देऊन रांगेत नंबर लावण्याचं काही कारणच उरत नाही. सोबत मिळतो तो बहुधा एखादा पोशाख किंवा बंदुकीचा रंग.

थांबायचं ते फक्त पैसे वाचवण्यासाठी नाही. वर्षाने तुम्ही विकत घेता तो गेमच वेगळा असतो. 'सायबरपंक 2077' 10 डिसेंबर 2020 ला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर) त्याची अवस्था इतकी वाईट होती की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि जून 2021 मध्ये परत ठेवला. सप्टेंबर 2023 च्या 2.0 अपडेटने त्यातली कौशल्यांची रचना आणि पोलिसांचं वागणं मुळातून बदललं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात त्याची भारतातली किंमत 2,999 रुपये. 65 टक्के सूट लागली की तो 1,049 ला पडतो. म्हणजे ज्याने दम धरला त्याने एक तृतीयांश पैशात जास्त चांगला गेम घेतला.

गेम असा अर्धाकच्चा येणं पीसीवर जास्त होतं, कारण कन्सोल दोन-चार प्रकारचे असतात आणि पीसी हजारो. 'बॅटमॅन: आर्खम नाइट'ची पीसी आवृत्ती जून 2015 मध्ये आली आणि काही दिवसांतच प्रकाशकाने तिची विक्री थांबवली, ती ऑक्टोबरपर्यंत. दुसरं कारण कॅलेंडरचं. बऱ्याच जपानी प्रकाशकांचं आर्थिक वर्षही आपल्यासारखंच 31 मार्चला संपतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चची तारीख पुढे ढकलणं त्यांना जड जातं. कॅपकॉमचे 'ड्रॅगन्स डॉग्मा 2' (मार्च 2024) आणि 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' (फेब्रुवारी 2025) हे दोन्ही पहिल्या दिवशी पीसीवर अडखळत होते. पहिल्यात गर्दीच्या शहरात शिरलं की सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) ताण येऊन फ्रेम्स पडायच्या, म्हणजे चित्र अडखळायचं, ग्राफिक्स कार्ड कितीही भारी असलं तरी. जीटीएक्स 1650 सारखं 4 जीबीचं कार्ड असेल तर रिलीजच्या आठवड्यात मोठ्या गेमच्या नादी लागूच नका.

आता किंमत कधी उतरते ते. स्टीमच्या नियमाप्रमाणे रिलीजनंतर 30 दिवस सूट देता येत नाही (रिलीजलाच दिलेली सूट, म्हणजे लॉन्च डिस्काउंट, असेल तर ती संपल्यापासून 30 दिवस). त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात किंमत पडेल म्हणून रोज पान उघडू नका. मोठ्या गेमचा साधारण उतार असा: तीन-चार महिन्यांत 20 ते 30 टक्के, वर्षाच्या आसपास 50, दोन वर्षांनी 60 ते 75. यूबीसॉफ्टचे गेम यापेक्षा लवकर उतरतात, बरेचसे सहा महिन्यांच्या आतच अर्ध्या किमतीला दिसतात. 'बाल्डर्स गेट 3' उलट आहे, ऑगस्ट 2023 मध्ये येऊनही त्याने पुढची दोन वर्षं अगदी बेताची सूट दिली. 'फॅक्टोरिओ' तर सेलमध्ये येतच नाही. त्याच्या निर्मात्यांनी ते आधीच सांगून ठेवलंय, आणि जानेवारी 2023 मध्ये किंमत 30 वरून 35 डॉलर केली. अशा गेमसाठी थांबण्यात तोटाच.

कुठला गेम कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला स्टीमडीबीवर (स्टीमवरच्या किमती आणि खेळाडूंचे आकडे दाखवणारी वेबसाइट) त्याचा किमतीचा आलेख उघडा, चलन भारतीय रुपया ठेवा आणि सर्वांत कमी किंमत बघा. ती रक्कम एखाद्या चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि गेम स्टीमवरच्या विशलिस्टमध्ये (हव्या असलेल्या गेमच्या यादीत) टाका. सूट लागली की स्टीम ईमेल पाठवतो. मोठे सेल वर्षातून चार: मार्च, जूनअखेर, शरद ऋतूतला आणि डिसेंबरअखेर. शरदातला पूर्वी नोव्हेंबरमध्ये असायचा, 2025 मध्ये तो सप्टेंबरअखेरीस आला. सेल आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला सुरू होतो. तेव्हा लगेच तुटून पडायची गरज नाही. पहिला तासभर स्टोअर रडतं, यूपीआयचे पैसे अडकतात, आणि सूट शेवटच्या दिवसापर्यंत तीच राहते. दर काही तासांनी बदलणाऱ्या फ्लॅश डील्स स्टीमने 2015 मध्येच बंद केल्या.

सेलच्या चार दिवस आधी पूर्ण किमतीला घेतला असेल तरी बिघडलं नाही. दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल आणि 14 दिवस उलटले नसतील तर रिफंड मागा आणि सेलमध्ये पुन्हा घ्या. स्टीमच्या धोरणातच लिहिलंय की हा गैरवापर मानला जात नाही. पैसे स्टीम वॉलेटमध्ये (स्टीमवरच्या तुमच्या खात्यातल्या शिलकीत) मागवले तर लवकर येतात. आपल्याकडच्या काही पेमेंट पद्धतींवर ते परत पाठवता येत नाहीत, मग वॉलेटच मिळतं.

हा दोन तासांचा नियमच रिलीजला घेणाऱ्याचं खरं विमा-संरक्षण आहे, पण तो नीट वापरावा लागतो. गेमची खिडकी उघडी असते तेवढा सगळा वेळ त्यात धरला जातो. मार्च 2023 मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट 1' पीसीवर आला तेव्हा काहींच्या मशीनवर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार व्हायलाच तासाहून जास्त लागत होतं. म्हणजे मेनूवर बसल्या बसल्या निम्मा रिफंड संपला. म्हणून क्रम असा ठेवा. आधी ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाका, गेम एसएसडीवर घ्या, पार्श्वभूमीत चालणारं बाकी सगळं बंद करा, मगच गेम चालू करा. पहिले कटसीन (मधले नुसते बघायचे सिनेमासारखे प्रसंग) सोडून द्या, ते कुठल्याही मशीनवर छान दिसतात. फ्रेम्स मोजायच्या त्या उघड्या मैदानात किंवा गर्दीच्या वस्तीत, झपाझप फिरताना आणि मारामारीत. तासाभरानंतर थांबा आणि स्टीमवर खेळलेला वेळ बघा. दीड तासाला मनात शंका असेल तर त्याच क्षणी परत करा, "अजून थोडं बघू" म्हणाल तर दोन तास कधी उलटले कळत नाही. काही महागड्या आवृत्त्या दोन-तीन दिवस आधी खेळायला देतात, तो वेळही एप्रिल 2024 पासून याच हिशोबात धरतात.

त्याहून चांगलं म्हणजे आधी डेमो किंवा बेंचमार्क (गेम तुमच्या मशीनवर कसा चालेल ते मोजणारा प्रोग्राम) आहे का ते पाहणं. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'चं बेंचमार्क रिलीजच्या आधी फुकट मिळत होतं. ज्यांनी ते चालवलं त्यांना आपल्या मशीनवर काय होणार हे एक रुपया न घालता समजलं.

मल्टिप्लेअरचं, म्हणजे समोर खरी माणसं असलेल्या गेमचं, गणित उलटं. तिथे वर्षभर थांबलात तर स्वस्तात रिकामं मैदान मिळतं, किंवा जुन्या मुरलेल्या खेळाडूंकडून मार. पण पहिल्या दिवसाचीही घाई नको. फेब्रुवारी 2024 मध्ये 'हेलडायव्हर्स 2' इतका चालला की सर्व्हर भरून लोक लॉगिनच्या पडद्यावर ताटकळले. आणि 'कॉनकॉर्ड' 23 ऑगस्ट 2024 ला आला, 6 सप्टेंबरला बंद झाला, सगळ्यांचे पैसे परत द्यावे लागले. त्यामुळे दोन आठवडे जाऊ द्या, मग आपल्या रात्री नऊ ते अकराच्या वेळेत किती लोक खेळतायत ते स्टीमडीबीवर बघा. जवळचा सर्व्हर मुंबई किंवा सिंगापूरला आहे का, हेही विचारून घ्या. तुमचे चार मित्र पहिल्याच आठवड्यात घेणार असतील तर मात्र पूर्ण किंमत द्या. ते चौघे वर्षाने तो गेम खेळत नसतात.

फार थांबण्यातही एक धोका आहे, विशेषतः गाड्यांच्या गेममध्ये. गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने संपतात आणि गेम दुकानातून जातो. 'फोर्झा होरायझन 4' 15 डिसेंबर 2024 पासून विकत मिळत नाही. असे गेम काढण्यापूर्वी शेवटची मोठी सूट लागली की घेऊन टाका.

स्वस्त 'की'च्या (स्टीमवर टाकला की गेम मिळतो त्या कोडच्या) बाबतीत एवढंच: ग्रीन मॅन गेमिंग, फॅनॅटिकल अशी अधिकृत दुकानं रिलीजआधीच दहा-पंधरा टक्के कमी करतात, पण बाहेरून घेतलेल्या कीवर स्टीमचा रिफंड लागू नाही आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क वर. पहिल्या दिवशी पंधरा टक्क्यांपेक्षा तो रिफंडचा हक्क मोलाचा. सहा महिन्यांनी, गेम ठीक चालतो हे माहीत झाल्यावर, की खुशाल घ्या. कुणीही काहीही विकतं अशा बाजारपेठांतल्या की मात्र टाळा. चोरीच्या कार्डावर घेतलेली की निघाली तर गेम लायब्ररीतून जातो आणि दाद मागायला कुणी नसतं.

पुढे पीएस5 (सोनीचा प्लेस्टेशन 5 कन्सोल) घेतलात तर हे आडाखे बदलतील. प्लेस्टेशन स्टोअरवर एकदा डाउनलोड सुरू केलं की सहसा रिफंड नाही, गेममध्येच मोठा दोष असेल तरच. तिथे डिस्क ड्राइव्हचा कन्सोल घ्या. रिलीजला घेतलेली डिस्क तीन आठवड्यांत संपवून विकली तर बरेच पैसे सुटतात, कारण तोवर बाजारात जुन्या डिस्क फारशा आलेल्या नसतात. तीच डिस्क चार महिने कपाटात ठेवून विकायला काढली तर नव्या डिस्कवरच सूट लागलेली असते, आणि तुमच्या जुन्या डिस्कला गिऱ्हाईक त्याहून खाली मागतं.