अंगणवाडीतल्या पोषणाच्या बैठकीला बाबा लोक येतच नाहीत, काय करावं?

आधी वेळ बदला. आमच्या कळव्यात बैठक सकाळी अकराला असायची, तेव्हा बाबा कामावर. रविवारी ठेवली तर सातजण आले.

भाषण नको, हातात वाटी द्या. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरणाचं पाणी नाही, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट वरण-भात, वर तूप, दिवसातून 2-3 वेळा. एकानं भात कुस्करून भरवला, लेकीनं तो त्याच्याच शर्टावर थुंकला. पुढच्या रविवारी गडी जुना शर्ट घालून हजर!

"बायकोला मदत करा" मात्र म्हणू नका. मदत म्हटलं की काम तिचंच राहतं. त्यापेक्षा विचारा, घरात शेवटी उरलंसुरलं कोण जेवतं? आमच्याकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही.