प्रश्न तुमचे, पाना आमचा : ब्रेकात कुठलं तेल घालू?

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूरचा, बेळगावात कॉलेजला आहे. माझ्या सायकलला शिमानोचे एमटी200 हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. पावसाळ्यानंतर मागचा ब्रेक मऊ लागतोय. चोर्ला घाट उतरताना तर लिव्हर पार हँडलला टेकला. ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला सिरिंज, नळी सगळं जमवलंय, पण कंपनीचं तेल इथं चटकन मिळत नाही आणि ऑनलाइन मागवायचं तर एवढ्याशा बाटलीला तेवढे पैसे द्यायला जीव होत नाही. मोटारसायकलच्या स्पेअरच्या दुकानात विचारलं, तर मालक म्हणाले, "डॉट 4 हाक्री, एनू आगूदिल्ल." (म्हणजे मोटारसायकलचं डॉट 4 ब्रेक फ्लुइड घाला, काही होत नाही.) उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, माझे मामा आहेत. ते म्हणतात, कारखान्यातल्या हायड्रॉलिक प्रेसच्या टाकीतलं 68 नंबरचं तेल देतो, हायड्रॉलिक म्हणजे हायड्रॉलिक. मित्र म्हणतो बेबी ऑइल घाल. खोबरेल तेल चालतं असंही एकानं सांगितलं. खरं काय?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : डॉट 4 अजून घातलं नसशील असं धरून लिहितो. घातलं असशील तर सायकल आजच बाजूला लाव, त्याचं पुढं सांगतो.

माझी सगळी नोकरी उद्यमबागेत सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) आणि सिलिंडरात गेली. तिथं नव्या पोराला पहिली सवय लावतात ती हीच, की तेल कुठलं हे नंतर, आत रबर कुठलं ते आधी विचार. तुला सल्ला देणाऱ्या चौघांपैकी एकानंही रबराचं नाव काढलेलं नाही.

सायकलच्या ब्रेकात तेलाची दोन घराणी आहेत. एक मिनरल ऑइलचं, म्हणजे खनिज तेलाचं. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो ही मंडळी त्यातली. दुसरं डॉटचं, म्हणजे ग्लायकॉल जातीच्या ब्रेक फ्लुइडचं. होप, हेज आणि स्रॅमचे बरेचसे ब्रेक त्यावर चालतात. मिनरलवाल्या ब्रेकात नायट्राइल रबराचे सील असतात, डॉटवाल्यात ईपीडीएमचे. आणि ही दोन रबरं एकमेकांच्या तेलात टिकत नाहीत.

पटत नसेल तर मामांना दोन ओ-रिंगा मागून घे, एकाच मापाच्या, एक नायट्राइलची आणि एक ईपीडीएमची. दोन्ही काळ्या असतात, नुसत्या बघून भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत, म्हणून घेतानाच खूण करून ठेव. दोन्ही स्वच्छ मशीन तेलात बुडवून आठवडाभर झाकून ठेव. काढून पुसलीस की नायट्राइलची जवळजवळ होती तशीच दिसेल. ईपीडीएमची मात्र फुगलेली, लिबलिबीत, आणि ज्या खाचेत ती आधी चपखल बसत होती तिच्यातून वर येणारी. व्हर्नियर लावायचीसुद्धा गरज पडत नाही. तीच जोडी डॉटमध्ये टाकलीस तर उलटं होतं. ईपीडीएम ठणठणीत राहतं आणि नायट्राइल मऊ पडून फुगतं.

आता हे कॅलिपरच्या, म्हणजे चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, आत घडलं तर काय होतं ते बघ. पिस्टनभोवतीचा सील चौकोनी छेदाचा असतो. लिव्हर दाबलास की पिस्टन पुढं सरकतो आणि त्याला घट्ट धरून असलेला सील किंचित तिरका होतो. लिव्हर सोडलास की सील पुन्हा सरळ होतो आणि पिस्टनला केसभर मागं ओढून घेतो. पॅड डिस्कपासून सुटतं ते मुख्यतः या ओढीनं. सील फुगला की ही ओढ संपली. पॅड घासत राहतं, डिस्क तापते, चाक जड होतं, आणि पुढं तेल गळायला लागतं किंवा लिव्हर दाबल्यावर परतच येत नाही. वाईट एवढंच की पहिले काही दिवस ब्रेक झकास लागतो. दुकानदार "काही होत नाही" म्हणतो तो खोटं बोलत नाही. तू परत येईपर्यंत त्याच्या दुकानासमोर खरंच काही झालेलं नसतं.

मोटारींनीही हे दुखणं बघितलंय. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीनं 1966 मध्ये आपल्या गाड्यांच्या हायड्रॉलिक यंत्रणेतलं जुनं तेल बदलून हिरवं खनिज तेल आणलं, तेव्हा नव्या यंत्रणेचे भागही हिरवे रंगवले, म्हणजे एकाचं तेल दुसऱ्यात जायला नको. ते एलएचएम नावाचं हिरवं तेल परदेशातले काही जण आजही शिमानोच्या ब्रेकात घालतात. घराणं तेच असल्यामुळं ते चालतं. पण बेळगावात ते शोधत फिरण्यापेक्षा शिमानोची बाटलीच आधी सापडेल.

मामांच्या तेलाकडं येऊ. घराणं बरोबर आहे, सीलला त्याचा त्रास नाही. अडचण घट्टपणाची. बॅरलवर 68 लिहिलेलं असतं ते 40 अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट आहे त्याचं माप, सेंटिस्टोकमध्ये. ब्रेकचं तेल त्याच्या मानानं फारच पातळ असतं. सायकलच्या नळीचं आतलं भोक बघितलंयस ना? त्यातून 68 नंबर ढकलायचं म्हणजे लिव्हर सोडल्यावर तो सावकाश, रेंगाळत परत येणार. जांबोटीकडं थंडीत पहाटे निघालास तर तेल आणखी घट्ट होतं. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे घट्ट तेलात हवेचे बुडबुडे वर चढत नाहीत, अडकून बसतात, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तेच होणार नाही. आणि प्रेसच्या टाकीतलं वापरलेलं तेल तर कुठल्याही नंबरचं असो, नकोच. त्यात लोखंडाची बारीक कीस असते, पाणी असतं, शिवाय काय काय असतं ते मामांनाच ठाऊक.

मामांना म्हणावं, द्यायचंच असेल तर सीलबंद डब्यातलं नवं 10 किंवा 15 नंबरचं खनिज तेल द्या. मशीनच्या स्पिंडलला असलं पातळ तेल वापरतात, उद्यमबागेत ते नवलाईचं नाही. अगदीच अडलं तर मी स्वतः त्यावर काम भागवीन. पण हे कामचलाऊ आहे आणि कंपनीची वॉरंटी त्यात जाते, हे लक्षात ठेव.

बेबी ऑइल म्हणजे बहुतांशी पातळ लिक्विड पॅराफिन आणि वास. तेही खनिजच, सीलला मारत नाही. पण गंज रोखणारं त्यात काही नसतं आणि घट्टपणा ब्रँडनुसार बदलतो. कणकुंबीला ब्रेक गेला आणि बेळगाव गाठायचंय, तर घाल. घरी पोचलास की काढ. मेडिकलमधून घ्यायचं झालं तर साधं पॅराफिन माग. पोट साफ करायचं पांढरं औषध येतं त्यातही पॅराफिनच असतं, पण सोबत मॅग्नेशियाचं दूध असतं. ते ब्रेकात घालायचं नाही. हसू नकोस, लोक विचारतात.

शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, पण बाटलीवर ना नंबर ना पत्ता, त्यामुळं त्याची हमी मी देणार नाही. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकॉबचं तेल काही जण वापरतात. त्यावरच्या '5 डब्ल्यू', '10 डब्ल्यू' या आकड्यांवर जाऊ नकोस, दोन कंपन्यांचं '5 डब्ल्यू' एकसारखं पातळ असेलच असं नाही. पॉवर स्टिअरिंग आणि ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात इतर कामांसाठी मिसळलेली रसायनं असतात, ती सायकलच्या सीलवर कशाला अजमावायची? राहिलं खोबरेल. ते साधारण 24 अंशांखाली थिजतं. डिसेंबरात आपल्याकडं सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल लागत नाही, तर ब्रेक कुठल्या उन्हात ठेवणार? शेंगतेल, सूर्यफूल वगैरेही नको, ती हवा लागून चिकट होतात.

डॉट आत गेलंच असेल तर नुसतं धुऊन भागत नाही. तेल निघतं, पण रबरानं जे पिऊन घेतलंय ते राहतं. शिमानो या ब्रेकचे सील सुटे विकत नाही, तेव्हा लिव्हर आणि कॅलिपर दोन्ही बदलायचे. एमटी200 हा त्यांचा स्वस्तातला ब्रेक आहे हेच नशीब.

आणि खर्चाचं. एका ब्रेकची हवा काढायला शिमानोची 50 मिलीची बाटली पुरून उरते. मिनरल ऑइल हवेतला ओलावा शोषत नाही, त्यामुळं झाकण घट्ट लावलं तर पडून खराब होत नाही. घाटाला जाणाऱ्या तुम्हा पोरांत मिळून एक लिटरची बाटली घ्या, माणशी किती पडतात बघा. शिमानोचं मिळालं नाही आणि मागुराचं किंवा टेक्ट्रोचं मिळालं तर बेलाशक घे. कंपन्या कागदावर नाही म्हणतील, पण सायकलच्या ब्रेकसाठीच केलेलं पातळ खनिज तेल आहे, सीलला त्याचं वावडं नाही.

बाटली मागवायच्या आधी एक कर. पॅड काढून बघ. पॅडचा घासायचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर आधी पॅड बदल. पॅड झिजली की पिस्टन बाहेर येऊन राहतात, वरच्या टाकीतलं तेल खाली उतरतं आणि लिव्हर लांब जातो. एवढ्यावरच काम होईलही. पण तुझा लिव्हर घाटातच टेकत असेल आणि सपाटीवर ठीक असेल, तर मला पाण्याचा संशय येतो. मिनरल ऑइलमध्ये पाणी मिसळत नाही, ते सगळ्यात खाली, म्हणजे कॅलिपरात जाऊन बसतं, आणि नेमकं तिथंच सगळ्यात जास्त तापतं. 100 अंशाला त्याची वाफ झाली की लिव्हरखाली काही उरत नाही. म्हणून तेल खालून वर ढकलण्याआधी कॅलिपरचं निपल (तेल सोडायचं तोंड) उघडून जुनं तेल खालीच काढून टाक, नाहीतर तेच पाणी नळीत वर चढवशील. पॅड काढून ठेव, त्या जागी पिस्टन बाहेर येऊ न देणारा पिवळा ब्लॉक अडकव, लिव्हर आडवा कर, वर तेलाची वाटी लाव, मगच सिरिंज लाव. नळीवर पान्याच्या मुठीनं टकटक करत राहिलास की चिकटलेले बुडबुडे सुटतात. घाई केलीस तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

प्रश्न : मी निपाणीत शिक्षिका आहे. मुलासाठी जुनी सायकल घेतली. डिस्क ब्रेकवरची अक्षरं पुसली गेली आहेत. आतलं तेल तांबूस दिसतं. तांबडं म्हणजे शिमानोचं, असं एकानं सांगितलं. तेच घालावं का?

उत्तर : ताई, रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मर्जीनं घालते आणि जुनं झालेलं डॉटही तांबूस-तपकिरी दिसतं. स्टीलच्या वाटीत पाणी घ्या, निपल जरा सैल करून तेलाचे दोन थेंब त्यात सोडा आणि काडीनं ढवळा. तवंग आला तर मिनरल, पाण्यात विरघळून गेलं तर डॉट. थेंब काढताना पॅड काढून ठेवा, तेल लागलेलं पॅड पुन्हा नीट धरत नाही.

मात्र वाटी सांगते ती आत काय आहे ते. काय असायला हवं ते सांगत नाही. आधीच्या मालकानं चुकीचं भरलेलं असू शकतं. म्हणून लिव्हरचा आणि कॅलिपरचा फोटो काढून जाणत्या मेकॅनिकला दाखवा, आकारावरून मॉडेल ओळखता येतं. नुसतं कंपनीचं नाव कळून पुरत नाही. स्रॅम म्हटलं की लोक डॉट धरतात, पण त्यांचे डीबी8 आणि मेव्हन हे ब्रेक मिनरल ऑइलचे आहेत.

प्रश्न : माझ्या सायकलला स्रॅमचे डॉट 5.1 वाले ब्रेक आहेत. गॅरेजमध्ये डॉट 4 ची गेल्या वर्षी फोडलेली अर्धी बाटली आहे. चालेल?
— चिकोडी

उत्तर : डॉट 4 चालेल, ती बाटली चालणार नाही. डॉट 3, 4 आणि 5.1 एकाच जातीचे आहेत, एकमेकांत मिसळले तरी सील बिघडत नाहीत. फरक उकळण्याचा. नव्या डॉट 4 ला किमान 230 अंश, 5.1 ला 260. पण डॉट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि 3.7 टक्के पाणी शिरलं की हेच आकडे 155 आणि 180 पर्यंत खाली येऊ शकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या बाटलीनं काय काय ओढलं असेल, विचार करा. छोटी सीलबंद बाटली घ्या, मोटारसायकलच्या दुकानात कुठंही मिळते. उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. काम करताना शेजारी पाण्याची बादली ठेवा. डॉट रंग खातं, सांडलं की लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

बाटली घेताना आकडा नीट वाचा. नुसतं डॉट 5 म्हणजे सिलिकॉनचं तेल, त्याचा 5.1 शी काही संबंध नाही. दुकानदारानं तेच आहे म्हणून दिलं तरी परत करा.